तळ्याकाठची पट्टेरी पानं: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात घरच्या लिलीच्या टाक्यावर लिहिलं होतं. त्यानंतर जी पत्रं आणि मेसेज आले त्यातले बरेचसे एकाच गोष्टीवर होते, की टाक्याच्या काठाला किंवा बागेतल्या ओलसर कोपऱ्यात व्हेरिगेटेड, म्हणजे हिरव्यावर पांढरे-पिवळे पट्टे असलेल्या, पानांची कुठली झाडं लावायची आणि ती टिकवायची कशी. फुलं चार दिवस असतात आणि पानं वर्षभर डोळ्यासमोर असतात, त्यामुळे ही हौस मला एकदम पटते. म्हणून या वेळचं सदर सगळं त्यालाच दिलंय.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण खालच्या बऱ्याच उत्तरांत ती येणार आहे. पानाचा जो भाग पांढरा किंवा फिकट पिवळा दिसतो तिथे हरितद्रव्य नसतं किंवा अगदी कमी असतं, म्हणजे तो भाग स्वतः अन्न बनवत नाही, शेजारच्या हिरव्या भागाच्या कमाईवर जगतो. त्यामुळे पट्टेरी झाड हिरव्या भावंडापेक्षा हळू वाढणार, उन्हाने लवकर भाजणार आणि दुर्लक्ष झालं की मागे पडणार. हे समजून घेऊन लावलं की मग त्रास नाही.

प्रश्न : गच्चीवर सिमेंटचा हौद बांधून घेतलाय, चार फूट बाय अडीच फूट, दोन फूट खोल. मधे लिली आहे, गप्पी मासे आहेत. कडेला पट्टेरी पानांचं काही लावायचंय पण नर्सरीत काहीही दाखवलं तरी 'हे पाण्यात चालतं' असंच सांगतात. खरंच काय चालतं? माती कुठली घ्यायची?
(कोथरूड, पुणे)

ताई, झाडांच्या आधी हौदाचं बोलू. तुम्ही दिलेल्या मापाचा हौद काठोकाठ भरला तर नुसतं पाणीच साडेपाचशे किलोच्या वर जातं, त्यात सिमेंट, माती, कुंड्या वेगळ्या. स्लॅबच्या मधोमध असेल तर एकदा इंजिनियरला दाखवून घ्या, खाली बीम किंवा भिंत असलेली जागा बरी. आणि हौद नवा असेल तर सिमेंटचा चुना पाण्यात उतरत राहतो, तेव्हा दोन-तीन वेळा भरून, काही दिवस ठेवून, ओतून द्या आणि मगच नवी झाडं सोडा.

आता झाडं. सगळ्यात सोपं म्हणजे पट्टेरी अंब्रेला पाम. नावात पाम असलं तरी ते लव्हाळ्याच्या कुळातलं आहे, मुळांशी कायम पाणी असलेलं त्याला आवडतं, मातीच्या वर ५ ते १० सें.मी. पाणी असलं तरी मजेत राहतं. दुसरी पट्टेरी स्पायडर लिली, पानाच्या दोन्ही कडा दुधाळ पांढऱ्या आणि पावसाळ्यात कोळ्याच्या पायांसारखी पांढरी सुवासिक फुलं. हिला ५ सें.मी.च्या आसपास पाणी पुरे, आणि नुसत्या ओल्या मातीतही ती तितकीच खूश. तिसरी आपली कर्दळ. तिचा प्रिटोरिया नावाचा प्रकार मिळतो, काही जण त्यालाच बेंगॉल टायगर म्हणतात, हिरव्या पानावर पिवळ्याधमक रेघा आणि भगवी फुलं, सकाळचं ऊन पानातून आरपार आलं की बघत राहावं असं झाड आहे. चौथं पट्टेरी वेखंड, ते सहज सापडत नाही, शोधावं लागतं, पण मिळालं तर सोडू नका. पानाची उभी अर्धी बाजू हिरवी आणि अर्धी सायीच्या रंगाची असते, आणि मुळांशी १० ते १५ सें.मी. पाणी त्याला चालतं. अगदी फुकटातलं काही हवं असेल तर हौदाच्या कठड्यावरून मनीप्लांटची वेल सोडा, मुळं पाण्यात आणि पानं बाहेर. फक्त उजेड कमी पडला की त्याचा पिवळा रंग जातो.

पाण्यात न चालणारी पण 'चालतात' म्हणून गळ्यात मारली जाणारी दोन झाडं म्हणजे साँग ऑफ इंडिया आणि पिवळ्या पट्ट्यांची शेल जिंजर. पहिलं तर साचलेल्या पाण्यात मुळापासून सडतं. शेल जिंजरला ओल आवडते, पण उभं पाणी नाही. ती हौदाच्या बाहेर, जिथे पाणी सांडून जमीन ओली राहते तिथे कुंडीत ठेवा, छान भरते.

मातीला साधी गाळाची पोयटा माती घ्या, थोडी चिकट असली तर उत्तमच. कोकोपीट नको, ते वर तरंगतं. शेणखत, गांडूळखतही नको, पाणी आठ दिवसांत हिरवंगार होईल आणि मग शेवाळ काढत बसावं लागेल. भोकं असलेला प्लॅस्टिकचा टब किंवा जाळीची टोपली घ्या, आतून गोणपाट लावा, माती दाबून भरा, झाड लावा आणि वर इंचभर धुतलेली बारीक खडी पसरा म्हणजे मासे माती उकरणार नाहीत. टोपली आधी बादलीत पूर्ण भिजवायची आणि मग हळूहळू पाण्यात उतरवायची, एकदम सोडली तर अडकलेली हवा बुडबुडे काढत अर्धी माती बाहेर घेऊन येते. तुमचा हौद दोन फूट खोल आहे, म्हणून टोपल्यांखाली विटा रचून उंची जमवा. खत द्यायचंच असेल तर हळू विरघळणारी गोळी मातीत खोल खुपसायची, पाण्यात टाकायची नाही.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी पांढऱ्या पट्ट्यांचा अंब्रेला पाम आणला. पहिल्या वर्षी सुरेख होता. आता सगळाच हिरवा झालाय, एखाद्याच काडीवर पट्टा दिसतो. नर्सरीवाला म्हणतो खत कमी पडलं. खरं का?
(चिपळूण)

नाही दादा, खताचा यात दोष नाही. हे झाड आपल्या मूळ हिरव्या रूपाकडे परत गेलंय, आणि या एका झाडाच्या बाबतीत ते फार सर्रास होतं.

असं का होतं ते नीट सांगते कारण एकदा हे कळलं की व्हेरिगेटेड झाडांचा निम्मा गोंधळ संपतो. कोंबाच्या टोकाशी पेशींचे थर असतात, त्यातून पुढची पानं घडतात. बऱ्याच पट्टेरी झाडांत यातल्या एका थराच्या पेशी हरितद्रव्य बनवणं विसरलेल्या असतात आणि बाकीच्या थरांच्या धडधाकट हिरव्या असतात, म्हणजे एकाच झाडात दोन वेगळ्या स्वभावाच्या पेशी शेजारी शेजारी नांदत असतात. हा समतोल नाजूक असतो. कधीतरी एखादा नवा कोंब फक्त हिरव्या पेशींतून फुटतो, मग त्यातून येणारं सगळंच हिरवं. तोपर्यंत ठीक आहे, पण हिरवा कोंब पूर्ण पानाने अन्न बनवतो, म्हणून तो दुप्पट जोमाने वाढतो, त्याला फुटवे जास्त येतात, आणि पट्टेरी कोंब त्याच्या सावलीत आणि त्याच्या मुळांच्या गर्दीत गुदमरत जातो. दोन पावसाळ्यांत गड्डा हिरवा होतो. तुमच्याकडे हेच झालंय. आणि खत, विशेषतः युरियासारखं नत्राचं खत, भरपूर घातलं तर हिरव्या फुटव्यांनाच जोर येईल.

उपाय आहे, आणि तुमच्याकडे पट्ट्याच्या एक-दोन काड्या अजून आहेत म्हणजे वेळ गेलेली नाही. टब पाण्याबाहेर काढा, अख्खा गड्डा धुवून घ्या म्हणजे कुठली काडी कुठल्या खोडापासून आलीय ते दिसेल. धारदार सुरीने पट्टेरी काड्यांचा तुकडा मुळांसकट वेगळा करा आणि नव्या मातीत एकटा लावा. हिरवा भाग शेजाऱ्यांना द्या, तो वाईट नाही, चांगलं झाड आहे, पण पट्टेरी तुकड्याबरोबर एका टबात त्याला ठेवू नका. पुढे मात्र दर पंधरा-वीस दिवसांनी नजर टाकायची आणि हिरवी काडी दिसली की ती वरून कापायची नाही, बुडापासून, खोडाच्या तुकड्यासकट काढायची. वरून कापली तर तिथूनच चार नव्या हिरव्या काड्या येतील.

अजून एक. अंब्रेला पामची छत्री कापून पाण्यात उलटी ठेवली की तिला मुळं फुटतात, ही युक्ती सगळ्यांना माहीत आहे. पट्टेरी झाडावर तिचा भरवसा धरू नका, रोपं हिरवी यायची शक्यता मोठी. घरातल्या स्नेक प्लांटचंच बघा ना, पिवळ्या कडेच्या पानाचा तुकडा मातीत खोचला तर येणारं पिल्लू बिनकडेचं हिरवं येतं. कारण तेच, नवं झाड एकाच प्रकारच्या पेशींतून उभं राहतं. गड्डा फोडून वाटणी करणं हाच खात्रीचा मार्ग.

प्रश्न : ऑनलाइन 'व्हेरिगेटेड वॉटर प्लांट्सचं बी' दिसतंय, शंभर रुपयांत पन्नास बिया. मागवू का?
(सांगली)

नको. वरच्या उत्तरात सांगितलेलं कारण इथेही लागू आहे, बी ज्या थरातल्या पेशींतून तयार होतं तो थर हिरवा असेल तर रोपं हिरवी येणार, आणि तो थर पांढरा असेल तर रोपं पांढरीफटक उगवून बियांतली शिदोरी संपली की मरणार. तुम्ही पैसे राखून ठेवा आणि कुणाच्या तरी टाक्यातला एक पट्टेरी कोंब मागून आणा.

प्रश्न : नागपूरला एप्रिल लागला की पट्टेरी पानांचे पांढरे भाग करपतात, कागदासारखे होतात. पाणी तर भरपूर आहे, टबातच आहेत झाडं. मग करपतात का?
(नागपूर)

काका, मुळांशी पाणी असणं आणि पानाला ऊन सोसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नाही, आणि पडणाऱ्या उन्हाचा उपयोग करून घेणारी आणि जास्तीच्या उन्हापासून पानाला वाचवणारी जी यंत्रणा हिरव्या भागात असते तीही तिथे लुळी असते. तुमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, वर कोरडा वारा, मग आधी मरतो तो पांढरा भाग. इंग्रजी पुस्तकांतून किंवा व्हिडिओंतून 'फुल सन' असं वाचून लोक विदर्भात ही झाडं उघड्यावर ठेवतात, पण ते लिहिणाऱ्याचं ऊन वेगळं आणि वऱ्हाडातलं ऊन वेगळं.

मार्चच्या मध्यापासून मृग लागेपर्यंत टबांवर पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधा, किंवा टब अशा जागी न्या जिथे सकाळी दहापर्यंतच ऊन येतं. पूर्ण अंधारातही टाकू नका, हिरव्या भागाला कमवायला उजेड लागतोच. टबाची पातळी रोज खाली जाते आणि आपण वरून बोअरचं पाणी ओतत राहतो, त्यात एक अडचण असते, पाणी उडून जातं पण क्षार मागे उरतात आणि साठत जातात, मग पानांच्या कडा तपकिरी होतात आणि ते उन्हानेच झालंय असं वाटतं. दर दोन-तीन आठवड्यांनी टबातलं निम्मं पाणी काढून बागेत द्या आणि ताजं भरा. काळा प्लॅस्टिक टब असेल तर त्याला बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळा, आतलं पाणी बरंच गार राहतं.

करपलेली पानं लगेच सगळी कापू नका. ज्या पानाचा हिरवा भाग जिवंत आहे ते झाडाला खाऊ घालतंय. पाऊस सुरू होऊन नवी पानं आली की मग जुनी काढा.

प्रश्न : आमच्या घरामागे न्हाणीघराचं आणि मोरीचं पाणी एका खळग्यात जातं. पूर्वी तिथे आजीची अळवं होती, आता नुसता चिखल आणि वास. तिथे रंगीत पानांची झाडं लावून जागा चांगली करता येईल का?
(सावंतवाडी)

नक्की येईल, आणि तुमच्या आजीने अळू लावला होता ते अगदी योग्य होतं. कोकणात आणि गोव्यात सांडपाण्यावर अळू, कर्दळ, केळ लावायची पद्धत जुनी आहे आणि ती शास्त्राला धरून आहे. नागपूरच्या नीरी या संस्थेने सांडपाणी शुद्ध करण्यासाठी फायटोरिड नावाची जी पद्धत बसवलीय तिचं तत्त्व हेच, खडी-वाळूच्या थरातून पाणी हळूहळू जातं, तिथे कर्दळ, पाणकणीस अशी पाणथळ झाडं लावलेली असतात आणि मुळांभोवतीचे जिवाणू घाण खाऊन टाकतात.

चिखलात थेट लावू नका. खळगा फूट-दीड फूट खोल करा, खाली मोठी खडी, वर बारीक खडी आणि सगळ्यात वर जाडी वाळू भरा, पाणी वाळूच्या खालूनच फिरलं पाहिजे, वर दिसता कामा नये, म्हणजे वासही नाही आणि डासही नाहीत. पाणी आत येतं तिथे एक छोटी जाळी लावा, भाताची शितं आणि केस अडकायला. आता झाडं लावताना इथे माझं मत ऐका: पाणी जिथे आत येतं त्या तोंडाशी साधी हिरवी कर्दळ आणि हिरवा अंब्रेला पाम लावा, साबणाचं कडक पाणी आधी त्यांनी घेऊ दे. पट्टेरी मंडळी पुढच्या टोकाला, जिथे पाणी निवळलेलं असेल. तिथे पिवळ्या रेघांची कर्दळ, कडेला शेल जिंजर, आणि जागा मोठी असेल तर पांढऱ्या पट्ट्यांचा देवनळ. हा देवनळ माणसाच्या उंचीच्या वर जातो, कोवळा असताना पट्टे शुभ्र असतात आणि जून झाला की पिवळसर होतात, म्हणून वर्षातून एकदा, पावसाच्या तोंडावर, बुडापासून छाटायचा म्हणजे पुन्हा ताजा रंग येतो. त्याचे कंद मात्र पसरतात, ओढ्याच्या काठाला लावू नका. पट्टेरी केवडाही तुमच्या हवेत सुंदर होतो, पण त्याच्या पानांच्या कडांना काटे असतात, जायच्या-यायच्या वाटेवर नको.

या खळग्यातला अळू मात्र आता फदफद्याला वापरू नका. आजीच्या काळात भांडी राखेने घासायचे, आता पाण्यात डिटर्जंट आणि फिनाइल असतं.

प्रश्न : तान्ह्या नातीच्या गुटीसाठी घरच्या पट्टेरी वेखंडाचं मूळ उगाळून दिलं तर चालेल का?
(कराड)

आजी, नका देऊ. वेखंडाच्या मुळात बीटा-असारोन नावाचं द्रव्य असतं, त्याच्या दुष्परिणामांमुळे अमेरिकेत १९६८ सालीच ते खाद्यपदार्थांत घालायला बंदी झाली. आपल्याकडे औषधात वापरायचं ते वैद्य शोधन करून, माप ठरवून. बागेतलं कच्चं मूळ तान्ह्या बाळाच्या पोटात जाऊ नये, गुटीबद्दल काहीही विचारायचं ते तिच्या डॉक्टरांना विचारा. झाड डोळ्यांसाठी ठेवा. पान चुरगळून वास घेतला तर तोच ओळखीचा वेखंडाचा वास येतो, नातीला मोठी झाल्यावर तो जरूर दाखवा.

प्रश्न : सोसायटीत माझ्या दोन टबांवर तक्रार झालीय, डास होतात म्हणून. मला झाडं काढायची नाहीयेत.
(ठाणे)

तक्रार करणाऱ्यांचं म्हणणं हलकं घेऊ नका, डेंगीचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच होतो आणि उष्ण हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस पुरतात. पण ज्या टबात गप्पी मासे फिरताहेत तिथे अळ्या टिकत नाहीत. धोका असतो तो टबाच्या शेजारी: कुंड्यांखालच्या ताटल्या, रिकामा मग, आणि केवड्यासारख्या झाडांच्या पानांच्या बेचक्यात साचलेलं पाणी, तिथे मासा पोचत नाही. ताटल्या काढूनच टाका, बेचक्यात आठवड्यातून एकदा पाइपचा जोरात फवारा मारा. टबाच्या आतल्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, डास अंडी चिकटवतो आणि ती कोरडी राहूनही कित्येक महिने जिवंत राहतात, म्हणून ती कड ब्रशने घासायची. छोट्या टबात मासे ठेवता येत नसतील तर बीटीआय हे जिवाणूंचं औषध मिळतं, ते डासाच्या अळ्या मारतं, झाडांना आणि माशांना त्याचा त्रास नाही.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरींना बोलावून टब प्रत्यक्ष दाखवा, मासे दाखवा. आणि जास्तीचे मासे किंवा झाडाचे तुकडे नाल्यात, तलावात सोडायचे नाहीत. जलपर्णीही आपल्या देशात शोभेचं झाड म्हणूनच आली होती, आज आपल्या नद्यांवर तिचं काय झालंय ते सगळे बघतो.

प्रश्न : माझ्या कर्दळीच्या पानांवर फिकट पिवळे चट्टे आलेत. मुलगी म्हणते आई, व्हेरिगेटेड झाली, फोटो टाक, विकली जाईल. खरंच तसं असेल का?
(नाशिक)

फोटो टाकायच्या आधी तीन गोष्टी बघा. खऱ्या व्हेरिगेटेड पानात पट्टा स्वच्छ असतो, हिरवं आणि पिवळं यांच्यातली सीमा सुरीने कापल्यासारखी, आणि पान सपाट, निरोगी. दुसरं म्हणजे एकाच कोंबावरच्या सगळ्या पानांत साधारण तोच नमुना असतो. तिसरं, झाडाची फुलं नेहमीसारखी असतात. याउलट चट्टे तुटक असतील, शिरांच्या कडेने ठिपके-ठिपके पिवळे पडलेले असतील, पान सुरकुतलेलं किंवा वळलेलं असेल, फुलांवर रंगाचे डाग पडत असतील, तर तो विषाणू आहे. कर्दळीवर असे दोन-तीन विषाणू जगभर पसरलेत आणि कंदांच्या देवाणघेवाणीतून, मावा किडीतून ते पुढे जातात. त्याला औषध नाही. कंदासकट उपटा, कंपोस्टमध्ये नको, कचऱ्यात द्या, आणि कापलेली सुरी स्पिरिटने पुसा.

आणखी एक शक्यताही आहे. नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं दिसत असेल तर ती लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत आणि बोअरच्या जड पाण्यावर ती हमखास दिसते. चिलेटेड आयर्न मिळतं, पाकिटावरच्या मापाने द्या, नवी पानं हिरवी यायला लागतील.

तुमच्या वर्णनावरून मला विषाणूचीच शंका जास्त येतेय, म्हणून विकू तर नकाच पण कुणाला भेटही देऊ नका.

प्रश्न : स्पायडर लिलीची पट्टेरी पानं एका रात्रीत फस्त. काळ्या, पांढरे ठिपके असलेल्या अळ्या आहेत. फवारा कुठला मारू? खाली मासे आहेत.
(फोंडा, गोवा)

फवारा अजिबात नको, मासे मरतील. ही लिलीवरची नेहमीची अळी, तिचा पतंग काळ्या, लाल, पिवळ्या नक्षीचा फार देखणा असतो. संध्याकाळी टॉर्च घेऊन, हातमोजे घालून अळ्या वेचा आणि साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाका, पानाच्या मागे अंड्यांचे पुंजके दिसले तर तेवढा तुकडा कापून टाका. कंद शाबूत असेल तर पानं पुन्हा येतात. या लिलीचे कंद आणि पानं विषारी असतात, घरात कुत्र्याचं पिल्लू असेल तर त्याला तिथून लांब ठेवा.

प्रश्न : इथे मागच्या अंगणात छोटं तळं केलंय, पाच बाय चार फूट, कडेला एक पायरी ठेवलीय. पहिल्या वर्षी हौसेने कर्दळ आणि स्पायडर लिली लावली, हिवाळ्यात दोन्ही गेली. बर्फ पडतो तिथे पट्टेरी पानांचं काय टिकतं? आणि जागेचा एक कोपरा कायम ओलसर, अर्ध्या सावलीतला आहे.
(लेस्टर, इंग्लंड)

तुमच्याकडे तर या झाडांचं माहेरच आहे म्हणा ना. थंडीला न जुमानणारी, दरवर्षी जमिनीत झोपून वसंतात परत येणारी पट्टेरी पाणझाडं जितकी तिथे मिळतात तितकी आपल्याला इथे स्वप्नातही मिळत नाहीत. लेबलवर आरएचएसचा (तिथल्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचा), झाड किती थंडी सोसतं ते सांगणारा एच क्रमांक बघून घ्या, एच ५ म्हणजे उणे १५ पर्यंत, एच ६ म्हणजे उणे २० पर्यंत आणि एच ७ त्याच्याही खाली. एच ५ च्या खालचं तळ्यात लावू नका. कर्दळ आणि स्पायडर लिली तिथे कुंडीतच ठेवायची आणि कडाका सुरू व्हायच्या आधी उचलून गॅरेजमध्ये आणायची.

एकच झाड घ्यायचं असेल तर आयरिस लेव्हिगाटा व्हेरिगाटा घ्या. पांढऱ्या-हिरव्या उभ्या पट्ट्यांची तलवारीसारखी पानं, उन्हाळ्याच्या सुरुवातीला निळसर जांभळी फुलं, आणि मुख्य म्हणजे पट्टे थंडीपर्यंत टिकतात. पायरीवर ठेवा, मातीच्या वर ५ ते १० सें.मी. पाणी. त्याची पिवळ्या फुलांची बहीण, आयरिस स्यूडाकोरस व्हेरिगाटा, वसंतात पिवळ्या पट्ट्यांनी झळकते पण उन्हाळा सरता सरता हिरवी होते. ते परत फिरणं नाही, तिचा स्वभावच आहे, पुढच्या वसंतात पट्टे पुन्हा येतात, म्हणून घाबरून उपटू नका. तिसरी जपानी आयरिस एन्साटा, तिचाही पट्टेरी प्रकार आहे, पण तिला उन्हाळ्यात ओल आणि हिवाळ्यात मात्र पाण्याबाहेर राहायचं असतं, चुनाही आवडत नाही, तेव्हा ती तळ्यात न ठेवता तुमच्या ओलसर कोपऱ्यात लावा, जिथे थोडं ऊन येतं त्या कडेला.

आणि हो, आपलं वेखंड. ते आशियातून युरोपात गेलं, सोळाव्या शतकात व्हिएन्नाच्या बागेत क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने लावलं आणि तिथून पसरलं, आज तिथल्या ओढ्याकाठी रानात सापडतं. पट्टेरी वेखंड तुमच्याकडे कुठल्याही पाणझाडांच्या नर्सरीत मिळेल, वसंतात त्याच्या कोवळ्या पानांना गुलाबी झाक असते. त्याच्याच बुटक्या भावाचा, अकोरस ग्रॅमिनियसचा, ओगॉन नावाचा सोनेरी पट्ट्यांचा प्रकार हिवाळ्यातही पानं ठेवतो, अर्ध्या सावलीच्या ओल्या कोपऱ्याला तो फार शोभेल. वेगळं काही हवं असेल तर झेब्रा रश, त्याच्या गोल काड्यांवर आडवे पांढरे पट्टे असतात. हिरव्या काड्या दिसल्या की बुडापासून काढायच्या, चिपळूणच्या दादांना सांगितलंय तेच.

दोन झाडांपासून सावध. ग्लिसेरिया मॅक्सिमा व्हेरिगाटा हे गवत दिसायला मोहक आहे, पण मोकळं सोडलं तर तळं गिळेल, टोपलीतच लावा आणि दरवर्षी कापा. आणि हौटुइनिया कॅमेलियन, लाल-पिवळ्या-हिरव्या पानांचं, ते ओल्या जमिनीत असं पसरतं की नंतर काढणं मुश्कील. मूळ हिरवं झाड आपल्या ईशान्य भारतात आवडीने खातात, मेघालयात जामरदोह, मणिपूरमध्ये तोकनिंगखोक म्हणून. तिथल्या ताटात ते छान आहे, तुमच्या कोपऱ्यात ते बिनभोकाच्या कुंडीत पुरून लावा. पाण्यातलं काहीही रानटी पान ओळख पटल्याशिवाय खाऊ मात्र नका, इंग्लंडच्या ओढ्याकाठी अजमोद्यासारखं दिसणारं हेमलॉक वॉटर ड्रॉपवर्ट उगवतं आणि ते जीवघेणं विषारी आहे.

कुणी जुन्या तळ्यातली झाडं फुकट देत असेल तर आधी नाव विचारा. पॅरट्स फेदर, अझोला, फ्लोटिंग पेनीवर्ट अशी पाच पाणझाडं इंग्लंडमध्ये २०१४ पासून विकायला बंदी आहे, आणि त्यांचा बोटभर तुकडाही दुसऱ्या झाडाच्या मुळांत अडकून येतो. आलेलं प्रत्येक रोप बादलीत चांगलं धुवून, दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवून मगच तळ्यात घ्या.

लागवड मार्च-एप्रिलमध्ये, कोंब वर येताना. गड्डा फोडायचा तोही तेव्हाच, ऑक्टोबरमध्ये फोडलेले तुकडे गार पाण्यात मुळं न धरता सडतात. शरदात पिवळी पडलेली पानं पाण्याच्या वर कापा, पाण्यात कुजू देऊ नका. आणि जानेवारीत टोपली रिकामी दिसली म्हणून फेकून देऊ नका, मे उजाडेपर्यंत वाट बघा.